चार फेब्रुवारीचा फोन

माझ्या सासूबाईंना प्रागला न्यायचं, असं मी ठरवलं तेव्हा घरात कुणीही माझं मत विचारलेलं नव्हतं. मीच आपला कागद पुढे ओढला आणि पट्टीने रेघा मारायला बसलो. रुझोम्बेरोकच्या गावबसचं वेळापत्रक गेली सव्वीस वर्षं मी लावतो, त्यामुळे कोण कुठे किती मिनिटं थांबेल हे ठरवायची खोड आता हाडात शिरली आहे. माझी बायको रेनाता म्हणते, "मारियान, तू स्वतःच्या मयताचंसुद्धा वेळापत्रक लावून ठेवशील, आणि त्यात आम्हाला रडायला सहा मिनिटं देशील." मी सहापेक्षा जास्त दिली असती, पण ते असो.

निमित्त होतं सासूबाईंच्या नावाच्या दिवसाचं. आमच्याकडे कॅलेंडरात रोजच्या तारखेपुढे एक नाव छापलेलं असतं, आणि त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी फुलं मिळतात, घोटभर दारू मिळते आणि शेजारीपाजारी येऊन गालाचे पापे घेऊन जातात. वाढदिवस एकवेळ विसरला तर चालतो. यार्मिला हे नाव येतं अठ्ठावीस एप्रिलला. यंदा त्या दिवशी शुक्रवार होता आणि सोमवारी एक मेची सुटी होती. चार दिवसांचा असा सरळ तुकडा कॅलेंडरात दिसला की माझ्यासारख्याला राहवत नाही.

सासूबाई मूळच्या प्रागच्याच, नुस्ले भागातल्या. ओन्द्रेय, म्हणजे माझे सासरे, सैन्यातली सक्तीची दोन वर्षं काढायला तिकडे गेले आणि परत येताना बावीस वर्षांच्या यार्मिलाला घेऊन आले. तेव्हा प्रागचा आणि आमचा देश एकच होता, त्यामुळे ती परदेशी गेली असं कुणाच्या मनातही आलं नाही. इथे बालवाडीच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी एकतीस वर्षं काढली. आज गावातली पन्नाशीच्या आतली निम्मी माणसं त्यांच्या हातचं सूप पिऊन वाढलेली आहेत. परवा चौकात एका पोलिसाने आमची गाडी अडवली, आत वाकून पाहिलं आणि एकदम सरळ उभा राहिला. "यार्मिलाबाई, मी आता गाजर खातो हं," म्हणाला आणि आम्हाला सोडून दिलं. सासूबाई मला म्हणाल्या, "खोटं बोलतोय. अजूनही बाजूला काढत असणार."

अशा त्या आहेत. कुणाचं कौतुक करायचं नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून स्वतःचा दिवा स्वतः बदलतात. पन्नासहून जास्त वर्षं इथे राहून बोलणं पुरतं इथलं झालं आहे, पण भाताचे पेले किंवा पिठाचे उकडलेले गोळे मोजताना तोंडून प्रागच्या भाषेतलेच आकडे येतात. आणि त्यांच्या कोठीच्या दाराला आतून १९९२ सालचं एक कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर प्रागच्या जुन्या पुलाचं चित्र. ते मी वीस वर्षं पाहत होतो. चित्रासाठी ठेवलं असेल, असं मी धरून चाललो होतो. शहाण्या माणसाचा हा मोठा दोष, तो धरून चालतो.

जानेवारीतल्या एका रविवारी जेवण झाल्यावर मी त्यांच्याच टेबलावर माझा कागद पसरला.

"शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा, किल्ला," मी वाचायला लागलो. "अकरा वाजता पूल. पुलावर चाळीस मिनिटं. बारा वाजता चौकातलं घड्याळ."

"पुलावर चाळीस मिनिटं काय करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"बघायचं, आई."

"काय बघायचं? पाणी? ते इथं वाहत नाही का?"

"लोक जगभरातून येतात तो पूल बघायला."

"येऊ देत की. मी त्या पुलावरून तुझ्या सासऱ्याला भेटायला जायचे. उभं राहून बघायला वेळ कुणाला होता?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे काय लिहिलंय? झोपायचं कुठं?"

"स्टेशनजवळ खोल्या घेतल्यात. दोन."

"माझ्या गावात मला खोली," त्या म्हणाल्या, आणि स्वच्छ टेबल फडक्याने पुन्हा पुसलं. "हे बघ मारियान, पाहुणी म्हणून मी प्रागला जाणार नाही. तुम्ही जा, मजा करा."

आमची नेला बारा वर्षांची आहे आणि तिला आजीला कसं वळवायचं ते बरोबर माहीत आहे. "आजी, तू आली नाहीस तर बाबा आम्हाला घड्याळाखाली उभं करून सेकंद मोजायला लावतील. तू चल ना. मला तुझी शाळा दाखव."

सासूबाईंनी फडक्याची घडी केली. मग म्हणाल्या, "शाळा दाखवीन. पण एक सांगून ठेवते. लिबुशेच्या दारात मला न्यायचं नाही. तिनं स्वतः 'ये' म्हटल्याशिवाय त्या जिन्यावर मी पाय ठेवणार नाही."

लिबुशे म्हणजे त्यांची थोरली बहीण, ब्याऐंशी वर्षांची, लग्न न केलेली, टपालखात्यातून निवृत्त झालेली. अजून नुस्लेतल्या त्याच घरात राहते. दोघींचं काय बिनसलं ते भांडी घासताना रेनाताने मला सांगितलं. देशाचे दोन देश झाले त्याच महिन्यात दोघींची आई गेली. आईचं सगळं दुखणं लिबुशेमावशींनी एकटीने काढलं होतं. सासूबाई पोचल्या त्या अंत्यविधीच्या दिवशीच. जेवणाच्या वेळी आईच्या स्वयंपाकघरात लिबुशेमावशी सगळ्यांदेखत सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "पाहुण्यांना आधी वाढा." बस, एवढंच. त्यानंतर तीस वर्षांत सासूबाई प्रागला गेल्या नाहीत.

"म्हणजे बोलणंच नाही?" मी विचारलं.

"मधूनअधून फोन असतो बहुतेक. आई काही सांगत नाही," रेनाता म्हणाली. "पण तिला जायचंय रे. फक्त मावशीनं बोलवायला हवंय."

एवढं ऐकल्यावर मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळच आली नसती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी रेनाताच्या वहीतला नंबर काढून प्रागला फोन लावला.

"मावशी, मी मारियान, रेनाताचा नवरा. आईंच्या नावाच्या दिवशी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतोय. त्यांना कळू द्यायचं नाही हं. तोपर्यंत अजिबात फोन करू नका, नाहीतर सगळं बिघडेल."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"ती येणार?" लिबुशेमावशींनी विचारलं.

"येणार."

"किती वाजता?"

"बारापर्यंत. जेवायलाच."

"बरं. नाही करत फोन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोन ड्रायव्हरांच्या रजा काही न विचारता मंजूर करून टाकल्या.

चार फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी साडेआठला, मी सासूबाईंकडे बटाट्याचं पोतं पोचवायला गेलो. बेल वाजवली तर दार लगेच उघडलं, आणि माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी निळा झंपर घातला होता, गळ्याशी ब्रोच होता, केस बसवलेले होते. बाहेरच्या खोलीत फोनशेजारी खुर्ची ओढलेली होती आणि कॉफीच्या कपावर साय धरली होती.

"कुठे निघालात, आई?"

"कुठं नाही. आज माझ्या नावाचा दिवस आहे."

"आज? अहो, तो एप्रिलमध्ये!"

"तुमच्याकडे एप्रिलमध्ये," त्या म्हणाल्या. त्या आत वळल्या, कोठीचं दार उघडलं आणि आतल्या कॅलेंडरावर बोट ठेवलं. फेब्रुवारीचं पान, चार तारीख, यार्मिला. "प्रागच्या कॅलेंडरात आज असतो. आईच्या भिंतीवरचं आहे हे. त्या दिवशी मी एवढंच उचलून आणलं."

मी पोतं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून सुटलंच.

"दर वर्षी चार तारखेला सकाळी सातला लिबुशे फोन करते," सासूबाई सांगत होत्या, माझ्याकडे न बघता. "तिच्या नावाच्या दिवशी जुलैत मी करते. शुभेच्छा, तब्येत बरी आहे का, बर्फ आहे का. दोन मिनिटं. दर वर्षी मला वाटतं, या खेपेला ती 'ये' म्हणेल. म्हणत नाही. पण फोन करते. तीस वर्षांत एकदाही चुकली नाही. आज केला नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "मेली असेल ती. आणि मेली नसेल, तर तिच्या लेखी मी मेले."

मावशींना मी 'नावाच्या दिवशी' म्हटलं होतं. तारीख सांगितलीच नव्हती. त्यांच्या भिंतीवर तो दिवस आज होता, आणि आज बारा वाजता त्या आमची जेवायला वाट बघणार होत्या. आणि फोन करू नका, असं त्यांना मीच बजावलं होतं. दोन बहिणींमध्ये एकच धागा उरला होता, तो मी माझ्या हातांनी तोडून ठेवला होता.

मी सगळं कबूल केलं. उभ्यानेच, टोपी हातात घेऊन. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सव्वीस वर्षं बसच्या वेळा लावतोस," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तुला तारीख सांगायची सुचली नाही?"

"नाही सुचली."

"धन्य आहे, जावईबापू."

मी लगेच मावशींना फोन लावला. लाईन व्यस्त होती. पाच मिनिटांनी पुन्हा व्यस्त. नऊ वाजता व्यस्त, सव्वानऊला व्यस्त.

"कुणाशी बोलतेय एवढी?" सासूबाई म्हणाल्या. त्या काळजीत होत्या, पण आवाजात थोडी असूयाही होती, ती मला स्पष्ट ऐकू आली. "माझ्याशी तर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. सारखा फोन लावून काय होणारे? गाडी कधी आहे?"

"कुठली?"

"प्रागची. तू वेळापत्रकवाला ना?"

गाडी दहा पन्नासला होती. मी रेनाताला कळवलं. ती आधी मला बरंच काही बोलली, ते इथे सांगत नाही, आणि मग म्हणाली, "दीड तास आहे ना? मी मांस तळायला घेते." आमच्याकडे शेजारच्या झिलिना शहराच्या पुढे जायचं तर पावात घातलेले मांसाचे तळलेले काप डब्यात असल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, घरात आग लागली तरी. सासूबाईंनी बरोबर काय घेतलं? पर्स, औषधं आणि कागदात गुंडाळलेल्या स्वतःच्या घरातल्या सपाता.

"मावशीकडे असतील की सपाता," नेला म्हणाली.

"असतील. पाहुण्यांसाठी दारात ठेवतात त्या टोपलीत," सासूबाई म्हणाल्या.

गाडीत त्या सपातांचं पुडकं मांडीवर घेऊन खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिल्या. पेन्शनरांना आमच्याकडे रेल्वे फुकट आहे, पण सरहद्दीपर्यंतच. पुढचं तिकीट मी काढायला लागलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी आले तेव्हा मधे काहीच नव्हतं. एका तिकिटात आले होते." मी मधूनमधून फोन लावत होतो. लाईन व्यस्तच होती. माझा रेघा मारलेला कागद कोटाच्या खिशात होता, पण तो काढून बघायची मला लाज वाटत होती.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही प्रागला उतरलो. किल्ला कुठल्या दिशेला आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. सासूबाई पुढे आणि आम्ही तिघं मागे. ट्राम त्यांनीच निवडली, थांब्यावर त्यांनीच उतरवलं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या कठड्याला हात न लावता चढून गेल्या. दारापुढे मात्र थांबल्या. बेल रेनाताने वाजवली.

लिबुशेमावशींनी दार उघडलं. बारीक, ताठ, अंगात चांगला काळा पोशाख. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासूबाईंपेक्षा त्या उंच असतील अशी माझी कल्पना होती, पण दोघी सारख्याच होत्या.

"बारा म्हणाला होता जावई," लिबुशेमावशी म्हणाल्या. "बाराला सूप तयार होतं. एकला गरम केलं. दोनला परत गरम केलं. तीनला ताटं उचलून ठेवली."

"तो एप्रिल धरून बसला होता," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे एप्रिलमध्ये असतो."

"काय एप्रिलमध्ये असतो?"

"माझ्या नावाचा दिवस."

लिबुशेमावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा सगळं कबूल केलं, या खेपेला जिन्यात.

"आणि तू फोन का नाही केलास?" सासूबाईंनी बहिणीला विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "सकाळी सातपासून बसलेय मी. मला वाटलं तू मेलीस."

"यानंच सांगितलं ना, अजिबात फोन करू नका! मी शब्द दिला होता." मावशी बाजूला झाल्या आणि आत बोट दाखवलं.

दारालगतच्या खोलीत तिवईवर फोन होता. रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला, भांडी पुसायच्या फडक्यात नीट गुंडाळलेला.

"सहा वाजताच काढून ठेवला," त्या म्हणाल्या. "सात वाजले की हात आपोआप तिकडे जातो. तीस वर्षांची सवय. शब्द मोडला असता माझ्याकडून."

सासूबाईंनी बूट काढले, पुडकं सोडून आपल्या सपाता घातल्या आणि आत गेल्या. फडकं सोडवून त्याची घडी केली आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. मग फोनशेजारच्या खुर्चीवर बसल्या, अगदी सकाळी आपल्या घरी बसल्या होत्या तशा.

"मग कर आता," त्या म्हणाल्या. "अजून चारच तारीख आहे."

"वेड लागलंय का तुला? समोर बसलीयेस की."

"समोर तू आजवर काय धड बोललीयेस? फोन कर म्हणते ना."

लिबुशेमावशींनी माझ्यापुढे हात केला. मी माझ्या मोबाईलवर त्यांच्याच घरचा नंबर लावून तो त्यांच्या हातात दिला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही तिघं कोट न काढता तिथेच उभे राहिलो, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. तिवईवरचा फोन वाजला. सासूबाईंनी तीन घंटा होऊ दिल्या, मग उचलला.

"हॅलो. यार्मिला कुबीकोवा बोलतेय."

"यारुश्का, शुभेच्छा," दारापलीकडून आवाज आला. "तब्येत बरी आहे का?"

"बरी आहे."

"बर्फ आहे का तिकडे?"

सासूबाईंनी माझ्या बुटांखाली साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. "वितळतोय."

इथे दर वर्षी फोन संपत असावा, कारण दोघीही थांबल्या. स्वयंपाकघरात झाकणाचा आवाज झाला.

"यारुश्का."

"हं."

"आईच्या वेळी मी जे बोलले…"

"पाहुण्यांना आधी वाढा."

"तीन महिने मी झोपले नव्हते. आणि तू आलीस, हातमोजेसुद्धा न काढता खुर्चीवर बसलीस. मला इतका राग आला. वाटलं, ही उठत का नाही? एक ताट तरी उचल म्हटलं."

"मला भीती वाटत होती," सासूबाई म्हणाल्या. "उशिरा आले होते मी. कुठल्या तोंडानं कशाला हात लावू?" त्या रडत होत्या. वीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. रेनाता पुढे झाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. "दर वर्षी वाट बघायचे मी. तू 'ये' म्हणशील म्हणून."

"आपल्या घरी यायला बोलावणं लागतं होय गं?" लिबुशेमावशी म्हणाल्या. मग गॅस पेटवल्याचा आवाज आला. "सूप तिसऱ्यांदा गरम करतेय मी. आता ताटं तू काढ."

"कुठं असतात?"

"मी काही हलवलेलं नाही."

सासूबाईंनी फोन ठेवला, ब्रोच सरळ केला आणि स्वयंपाकघरात गेल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी डावीकडचं खालचं कपाट उघडलं आणि खोल ताटल्या काढल्या, प्रागच्या आकड्यांत मोजून, पाच. आम्ही दारातच घुटमळत होतो. ओलावलेल्या डोळ्यांनी त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हातातल्या डावाने खुर्च्या दाखवल्या.

"उभे काय राहिलात? बसा," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना आधी वाढते."